सतरा इंच

नवी पेठेतल्या त्या दुकानात दुपारी साडेतीनला
एसी चालू आहे असं फक्त एसीलाच वाटतं.
बाहेर चव्वेचाळीस.
काउंटरवर दोन लॅपटॉप, दोन्ही सतरा इंची,
शेजारी शेजारी उघडून ठेवलेले,
बघायच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखे.

मल्लिनाथ दोघांच्याही बाजूने बोलतो.
ह्याचा प्रोसेसर दमदार, चौदा कोअर,
पण ग्राफिक्सला स्वतःचं असं काही नाही,
मेन मेमरीतूनच उचलतं, लागेल तसं.
त्याला सहा जीबीचं वेगळं कार्ड,
कोअर मात्र आठच. आणि चौदा हजार वर.
"गेम खेळणार का, मॅडम?"

मी टॉवेल खेळते.
म्हणजे टॉवेलावरची कमळं, चादरीच्या काठातली वेल,
दोन हजार चारशे धाग्यांत एकेक ठिपका बसवायचा,
आणि मग ते सगळं एका खोट्या पलंगावर अंथरून
खोट्या खिडकीतून खोटं ऊन पाडायचं,
कारण व्यापारी आता नमुना विणून मागत नाहीत,
फिरवून दाखवा म्हणतात, स्क्रीनवर.
जुना लॅपटॉप ऊन पाडता पाडता गळपटतो.
नळाला पाणी आलेलं असतं, मी चार दिवसांचं भरून घेते,
परत येते तर हा बावन्न टक्क्यांवर.

नायना स्टुलावर बसलेत, टोपी गुडघ्यावर.
एकतीस वर्षं त्यांनी जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पाडली.
भोक, किंवा भोक नाही.
तिसरं काही त्यांना कुणी कधी विचारलं नाही.
आता त्यांनी विचारलं,
"चौदा माणसं कामाला, आणि सुताची खोली एकच?"
मल्लिनाथ हसला. मग हसायचा थांबला.
"उसन्या सुतावर माग लावला," नायना म्हणाले,
"की सूतवाला आधी आपलं कापड उतरवून घेतो."

म्हणजे कार्डवालाच.
मी मनातल्या मनात चौदा हजारांचे हप्ते पाडले.

मग पिशवीतून तुकडा काढला, वीतभर,
चादरीच्या काठाचा, आमचा लाल.
पेन ड्राइव्हवरून तीच फाइल दोन्हीकडे उघडली,
आणि तुकडा स्क्रीनला लावून धरला.
कार्डवाल्यावर लाल विटकरी झाला.
मान जरा हलवली तर गुलाबी.
दुसऱ्यावर लाल लालच राहिला.
"हे डब्यावर लिहिलेलं नसतं," मल्लिनाथ म्हणाला,
स्वतःलाच सांगितल्यासारखं.

नायना उठले.
कापड ट्यूबलाइटखाली बघायचं नसतं, दारात बघायचं,
एवढं एकच शिक्षण त्यांनी मला मारून दिलंय.
त्यांनी कार्डवाला दोन्ही हातांवर घेतला, पावणेतीन किलो,
आणि निघाले रस्त्याकडे.
"काका, वायर! काका, वायर!"

उंबऱ्यावर, उन्हात,
काळ्या काचेत आम्ही तिघंच दिसलो.
कमळ कुठेच नव्हतं.
मागून एक रिक्षावालाही डोकावून गेला.

"दुसऱ्यात मेमरीची एक खाच रिकामी आहे का?" मी विचारलं.
होती.
"मग तीही भर. उसनं घ्यायचंच आहे
तर देणाऱ्याचं घर तरी मोठं असू दे."
कार्ड नाही तर नाही. ऊन सावकाश पडेल.
मला कुठे सूर्य विकायचाय.

आता रात्रीचे दीड.
अम्माची विड्यांची सुपं भिंतीला टेकलेली,
नवा लॅपटॉप पाटावर, त्याच्याखाली दोन पुस्तकं, हवेला.
ऊन पाडताना त्याचा पंखा घरघरतो
आणि नायना गाढ झोपतात.
शंभर टक्के झालं,
पंखा थांबला,
आणि ते दचकून उठून बसले,
"काय गं, धागा तुटला?"